डोंगर लहान, गारठा मोठा

स्कॉटलंडमध्ये शिकायला गेलेल्या मुलांचे आई-वडील मला अधूनमधून विचारतात, "डॉक्टर, पोरगा सुट्टीत डोंगर चढायला जातो. काळजीचे काही नाही ना?" तिथला सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस १३४५ मीटरचा, तर आपले कळसूबाई १६४६ मीटर. त्यामुळे आपल्या मुलांना ते डोंगर किरकोळ वाटतात. धोका नेमका या समजुतीत आहे.

तिथे माणसाला उंची त्रास देत नाही, ओल आणि वारा त्रास देतात. केर्नगॉर्म पर्वताच्या माथ्यावर मार्च १९८६ मध्ये ताशी २७० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा नोंदला गेला. या पर्वतापासून पठारावरून बेन मॅकडुई (१३०९ मीटर) या शिखरापर्यंतची वाट चालणाऱ्यांच्या आणि हिवाळ्यात स्कीवर फिरणाऱ्यांच्या आवडीची आहे. परंतु याच पठारावर नोव्हेंबर १९७१ मध्ये हिमवादळात अडकून पाच शाळकरी मुले व त्यांची एक शिकाऊ मार्गदर्शक गारठून दगावली.

हे कसे घडते? चढताना घाम येतो, वरून पाऊस किंवा बर्फ पडतो, कपडे भिजतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. माणूस थांबला की अंग झपाट्याने निवते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

लक्षणे ओळखा. प्रथम हुडहुडी भरते. मग बोटे बटण लावू शकत नाहीत, पाय अडखळतात, जीभ जड होते, माणूस चिडतो किंवा गप्प होतो. पुढे तापमान ३२ अंशांच्या आसपास आले की हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटते, बरे वाटू लागले. वास्तविक ही सर्वांत वाईट खूण आहे! काही जण तर या अवस्थेत उकडते म्हणून अंगावरचे कपडे काढू लागतात.

उपाय काय? आपल्याकडे गारठलेल्याला सुंठ चोळतात, ब्रँडी पाजतात. येथे दोन्ही टाळावे. दारूने कातडीकडचा रक्तपुरवठा वाढून आतली ऊब बाहेर जाते. जोराने चोळल्याने, हिसके बसल्याने गार पडलेल्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रुग्णाला वाऱ्याआड न्यावे, खाली जाड अंथरावे, आडोशात ओले कपडे बदलावेत, डोके झाकावे. शुद्धीत असून नीट गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्यावे. नाडी लागत नाही म्हणून आशा सोडू नये. अशी माणसे ऊब मिळाल्यावर जगल्याची उदाहरणे आहेत. ९९९ क्रमांकावर पोलिसांना मागून पर्वत बचाव पथक हवे असे सांगावे.

गारठा टाळण्यासाठी वेळेचा हिशेबही हवा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम सोपा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. वर सांगितलेली वाट जाऊन-येऊन सतरा किलोमीटरच्या आसपास, चढ सुमारे ९०० मीटर. म्हणजे न थांबता पाच तास, बर्फात त्याहून जास्त. डिसेंबरात तिथे उजेड सात तासही नसतो.

तेव्हा पालकांनी "जाऊ नको" म्हणू नये, पुढील गोष्टी मात्र जरूर सांगाव्यात :

१) अंगालगत सुती बनियन नको, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घालावे.
२) घाम येण्याआधी एक थर उतरवावा, थांबताच चढवावा.
३) कोरडे कपडे, खाणे, नकाशा, होकायंत्र, विजेरी सोबत असावी.
४) हवामानाचा व हिवाळ्यात हिमकड्यांचा अंदाज पाहूनच निघावे.
५) वाट आणि परतायची वेळ कोणाला तरी सांगून जावे.

आणि हवा फिरली तर अर्ध्यातून परतावे. डोंगर कुठे जात नाही.