मृग लागतो तेव्हा मृग कोठे असतो?

ग्रामीण भागातील शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उघडतात, त्याच्या थोडे आधी, ७ किंवा ८ जूनच्या सुमारास, मृग लागतो. शेतकऱ्याच्या घरातील मुलास ही गोष्ट शाळेत शिकवावी लागत नाही. घरी बी-बियाण्याची निरवानिरव चाललेली असते आणि सर्वांच्या तोंडी मृगाचाच विषय असतो. असे मूल पुस्तकातील मृग नक्षत्राची आकृती पाहून सहजच विचारते, की आज रात्री हा मृग दिसेल काय? ‘ढग नसले तर दिसेल,’ असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. हे उत्तर बरोबर नाही. जूनमध्ये आकाश अगदी निरभ्र असले तरी मृग दिसत नाही. चौकस मूल एखाद्या उघाडीच्या रात्री अंगणात जाऊन शोध घेते, त्यास काही सापडत नाही, आणि पुस्तकातले आकाश निराळे व गावावरचे आकाश निराळे अशी त्याची समजूत होऊन बसते. ती पुढे काढून टाकणे फार अवघड जाते. म्हणून या एका प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने आधी स्वतः पक्के करून घेतले पाहिजे.

घोटाळ्याचे मूळ असे, की ‘नक्षत्र’ हा एकच शब्द लोकव्यवहारात तीन ठिकाणी वापरला जातो. शेतकऱ्याचे नक्षत्र हे सूर्याचे नक्षत्र होय. आकाशातील सूर्याच्या वार्षिक मार्गाचे सत्तावीस समान भाग कल्पिलेले आहेत. त्यांपैकी एक भाग ओलांडण्यास सूर्यास तेरा-चौदा दिवस लागतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य हा पावसाळ्याचा क्रम त्यातूनच आला. पंचांगात रोजच्या तिथीपुढे दिलेले नक्षत्र हे चंद्राचे असते. चंद्र सत्तावीस दिवसांहून थोड्या अधिक काळात आकाशाची एक फेरी पुरी करतो, त्यामुळे ते साधारणपणे रोज पालटते. तिसरे नक्षत्र महिन्याच्या नावातले. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो तो कार्तिक, मृगशीर्षाच्या आसपास असतो तो मार्गशीर्ष, पुष्याजवळ तो पौष, मघांजवळ तो माघ. मुलांना बारा महिने तोंडपाठ असतात, परंतु ही आकाशातील ताऱ्यांची नावे आहेत हे सांगितल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटते. (नक्षत्राचे वाहन कोल्हा की मोर, आणि त्यावरून पाऊस किती, हा या पाठाचा विषय नव्हे, पण मुलांनी विचारल्यास त्यांना गप्प न करता, वाहनाचा ताऱ्यांशी संबंध नाही एवढे सांगावे.)

आता मृग लागतो याचा अर्थ उघड होतो. त्या दिवसांत सूर्य मृगाच्या दिशेस असतो. मृगातील तारे सूर्याच्या जोडीने उगवतात आणि त्याच्याच जोडीने मावळतात. दिवसाच्या उजेडात ते दिसणार कसे? ज्या पंधरवड्यात मृगाचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते, नेमका त्याच पंधरवड्यात तो डोळ्यांआड असतो.

एवढे शब्दांनी सांगून भागत नाही. शाळेच्या पटांगणावर हा प्रयोग करून घ्यावा. त्यास खर्च काही नाही. मध्यभागी एका मुलास कंदील देऊन उभे करावे. हा सूर्य. त्याच्याभोवती मोठे वर्तुळ आखून त्यावर सारख्या अंतराने बारा मुले आत तोंड करून उभी करावीत आणि त्यांच्या हाती पुठ्ठ्याच्या पाट्या द्याव्यात : कृत्तिका, मृगशीर्ष, पुष्य, मघा, फाल्गुनी, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, आषाढा, श्रवण, भाद्रपदा, अश्विनी. हा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने लावावा. कंदील आणि पाट्या यांच्या मधल्या लहान वर्तुळावरून एका मुलीने त्याच उलट दिशेने हळूहळू चालावे, ही पृथ्वी. ती कंदिलाकडे तोंड करून उभी राहिली की तिचा दिवस, पाठ फिरवली की रात्र. चालता चालता तिला ज्येष्ठा या पाटीसमोर थांबवावे. कंदिलाकडे पाहताना त्याच्या बरोबर मागे तिला मृगशीर्षाची पाटी दिसेल. म्हणजे मृग लागला. आता पाठ फिरवून रात्री काय दिसते ते तिलाच सांगू द्यावे. ती ‘ज्येष्ठा’ असे वाचील, आणि मृग लागतो तो महिना बहुधा ज्येष्ठच असतो हे वर्गातील कोणीतरी आपण होऊन बोलून दाखवील. शिक्षकाने ते वाक्य स्वतः बोलून टाकू नये. प्रत्येक मुलास एकदा तरी पृथ्वी होऊ द्यावे; पाटी धरून उभ्या राहणाऱ्या मुलाचे शिक्षण त्यामानाने थोडेच होते. खरे तारे सूर्याहून कल्पनातीत दूर आहेत आणि पटांगणात ते अंतर मावत नाही, हेही शेवटी सांगावे.

प्रत्यक्ष दर्शनासाठी मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. पालकांची संमती घ्यावी, जागा मोकळी व विंचूकाट्यापासून निर्धोक निवडावी, आणि मुलींना घरी पोचविण्याची व्यवस्था आधीच ठरवावी. गावाला या कामी शहराहून मोठा लाभ आहे, तो म्हणजे काळोख. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ साली भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. ज्या अंधारासाठी तेथे मुद्दाम प्रयत्न करावे लागले, तो अनेक वाड्यांवर आजही सहज उपलब्ध आहे. डोळे अंधारास सरावण्यास वीस मिनिटे तरी लागतात. तोपर्यंत विजेरी लावू नये. लागलीच तर तिच्या तोंडावर लाल कागद बांधावा. तारे ओळखून देणारे मोबाइल फोन आता बहुतेकांच्या खिशात असतात. त्यांचा उपयोग शिक्षकाने पूर्वतयारीसाठी अवश्य करावा, परंतु मैदानावर तो खिशातच बरा. त्याच्या प्रकाशाने सर्वांचेच डोळे दिपतात, शिवाय मुले आकाशाऐवजी पडद्याकडे पाहू लागतात.

प्रथम मृगाचे चार पाय दाखवावेत, मग मध्ये एका रेषेत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढविली म्हणजे व्याध येतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागतो. चौथीच्या मुलास ‘आज दिसतो तो प्रकाश तुझ्या जन्माच्या सुमारास निघालेला’ असे सांगावे. ते तो विसरत नाही. तीच रेषा उलट दिशेस नेली की तांबूस रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका लागतो. त्यातले तारे मोजण्याची पैज मुलांत लावावी. दक्षिणेस क्षितिजापासून फार वर नसलेला ठळक तारा म्हणजे अगस्त्य. गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास अशा वेळी अगत्याने बोलवावे. मृगातल्या बाणाला ‘तिकांडे’ आणि सप्तर्षींना ‘बाज’ म्हणणारी, त्यावरून रात्रीचा प्रहर ओळखणारी पिढी आता थोडीच उरली आहे.

पौर्णिमेचा पडताळा घेताना एक अडचण येते. चांदण्यात फिकट तारे लोपतात. म्हणून त्या रात्री चंद्राची जागा झाडाच्या किंवा देवळाच्या खुणेने वहीत टिपून घ्यावी आणि सात-आठ दिवसांनी, चंद्र उगवण्यापूर्वी, त्याच जागी तारे पाहावेत. मात्र तारा दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येतो, म्हणून आठ दिवसांनी अर्धा तास आधी उभे राहावे. चंद्र काही वर्षी नेमक्या नक्षत्रात न सापडता एक घर अलीकडे-पलीकडे सापडतो. तेव्हा पाठ फसला असे मानू नये, जे दिसले तेच वहीत लिहू द्यावे.

इतर ऋतूंत काम थोडे आहे. चैत्र-वैशाखात सप्तर्षींतील क्रतू व पुलह या ताऱ्यांवरून ध्रुव शोधावा. ध्रुव फार तेजस्वी असतो हा समज प्रत्यक्ष पाहताच जातो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश मोजते. महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजावर सुमारे दोन मुठी दिसतो, आणि तोच आपला अक्षांश. उल्कावर्षावांपैकी ऑगस्टमधील ययातीचा वर्षाव पुस्तकांत गाजलेला असला तरी आपल्याकडे तो ढगांत जातो. त्याऐवजी १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुनेचा वर्षाव धरावा. ‘तारा तुटला’ म्हणतात तेव्हा एकही तारा कमी होत नाही, हे त्या रात्री मुलांकडूनच पडताळून घ्यावे.

जूनमध्ये प्रश्न विचारणाऱ्या मुलास मृगासाठी मार्गशीर्षापर्यंत थांबविण्याचे कारण नाही. श्रावणापासून तो पहाटे पूर्वेस असतोच, पण ढग व झोप दोन्ही आड येतात. कोजागिरीस मुले एरवीही जागी असतात. त्या रात्री मध्यरात्रीच्या सुमारास, दूध आटत असताना, त्यांना पूर्वेकडे तोंड करून बसवावे. चांदणे कितीही असले तरी ते तीन तारे दिसतात.