चरबीची पेशी व जनुकांचें नियमन

आपल्या मराठवाड्यांत पूर्वीं ज्वारी सांठविण्याकरितां जमिनींत पेवें खणीत असत. सुगीचें धान्य त्यांत भरावयाचें व टंचाईच्या दिवसांत तें बाहेर काढावयाचें. शरीरांतील चरबीची पेशी हें असेंच एक पेव होय. भेद इतकाच कीं, हें पेव जिवंत आहे. केव्हां भरावें व केव्हां उघडावें, हें ठरविण्यांत त्याचाही वांटा असतो.

मेंदूची पेशी घ्या वा चरबीची, दोहोंत जनुकांचा ग्रंथ एकच. उघडलेलीं पानें मात्र निराळीं. कोणतें पान केव्हां उघडावें, या व्यवस्थेस जनुकांचें नियमन म्हणतात. 'पीपार-गॅमा' नामक प्रथिनानें विशिष्ट पानें उघडल्यावांचून अपक्व पेशीची चरबीची पेशी होतच नाहीं.

हें नियमन बिघडतें कसें? एफ्.टी.ओ. या जनुकांतील एका फरकाचा वजनाशीं संबंध आहे, असें २००७ सालीं आढळलें. साहजिकच सर्वांचा संशय त्याच जनुकावर. परंतु २०१५ सालच्या एका संशोधनांत दिसून आलें कीं, तो फरक दूरच्या आय्.आर्.एक्स्. ३ व ५ या जनुकांवरील लगाम सैल करितो. मग चरबी जाळून उष्णता देण्याऐवजीं पेशी ती सांठविण्याकडे झुकतात. शेजाऱ्याच्या चोरीबद्दल घरधन्यास पकडावें, तसा हा प्रकार झाला!

तथापि केवळ वजनावरून चरबीचा अंदाज करूं नये. २००४ सालीं पुण्याच्या के.ई.एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन यडकिन यांनीं स्वतःचेंच मोजमाप प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु शरीरांतील चरबी यडकिन यांची शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांची २१.२! मूल किडकिडीत आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्या पालकांनीं हे आंकडे पुन्हां वाचावे.

याचें मूळ फार मागें जातें. १९९३ सालीं पुण्याजवळील खेड्यांत आरंभिलेल्या अभ्यासांत नवजात बाळांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं बाळें ३.५ किलोंचीं. आपल्या बाळांचे स्नायु कृश, परंतु पाठीच्या त्वचेखालील चरबी त्या मानानें पुष्कळशी शाबूत. पुढें, ज्या मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत क्षीण आढळला. हीं दोन्ही जीवनसत्त्वें जनुकांवर 'मेथिल' खुणा उमटविण्याच्या कामीं लागतात, व त्या खुणांनीं पानें मिटतात वा उघडीं राहतात. म्हणून दुवा तेथें असावा, असें संशोधकांस वाटतें. ब-१२ दूध, दहीं, अंडीं व मांस यांतून मिळतें. भाजीभाकरींत तें जवळ जवळ नसतेंच.

त्याच अभ्यासांतील बाळें किशोरवयांत आल्यावर, २०१२ सालापासून, त्या मुलामुलींस ब-१२ देण्याचा प्रयोग झाला. गर्भारपणाची वाट न पाहण्याचें कारण असें कीं, जनुकांवरील कित्येक खुणा गर्भाच्या अगदीं प्रारंभींच्या दिवसांत, आईस चाहूल लागण्यापूर्वींच, मांडल्या जातात.