‘एलिट डेंजरस’कडे परतताय? आधी हिशेब मांडा

बदलापूरहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याचे रोजचे तीन तास लोकलमध्येच जातात. उरलेल्या वेळात जुना अवकाश-गेम पुन्हा हाती घ्यायचा, तर पैशांइतकाच वेळेचाही हिशेब हवा. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला ‘एलिट डेंजरस’ आता इतका बदललाय की चार-पाच वर्षांनी परतणाऱ्याला ओळखीची बटणंही परकी वाटतात.

गेम : जुन्या खात्यावर असेल तर पुन्हा विकत घेऊ नका. मासिक वर्गणी नाही. ‘होरायझन्स’ हा विस्तार २०२० पासून मूळ गेमसोबत मोफत आहे. मे २०२१ चा ‘ओडिसी’ विस्तार पायी फिरण्यासाठी लागतो. तो नंतर घेतला तरी चालेल. सुरू करताना ‘लाइव्ह’ निवडा, ‘लेगसी’त नवे बदल येत नाहीत.

डेटा : ‘ओडिसी’ला ७५ जीबी जागा लागते. तेवढं सगळं उतरवायचं धरलं, तर ५० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर साधारण साडेतीन तास लागतील. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर महिनाही पुरणार नाही.

वीज : पीसी ३०० वॅट घेत असेल आणि रोज २ तास खेळलात, तर महिन्याला १८ युनिट होतात. युनिटला १२ रुपये धरले तर २१६ रुपये. नेमका दर महावितरणच्या बिलावर पाहा.

यंत्र : उल्हासनगरात किंवा अंबरनाथला सेकंड-हँड ग्राफिक्स कार्ड घेताना दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा. बिल आणि लेखी वॉरंटी घ्या. जॉयस्टिकची घाई नको, कीबोर्ड-माउसवर सगळं जमतं.

वेळ : पहिली संध्याकाळ बटणं लावायला आणि प्रशिक्षण मोहिमांना द्या. दुसरी डॉकिंगला : स्थानकापासून ७.५ किलोमीटरच्या आत येऊन परवानगी मागायची आणि १० मिनिटांत उतरायचं. तिसरी ताऱ्याजवळून इंधन भरायला. तोवर महागडं यान हँगरमध्येच राहू द्या, साधं साइडवाइंडर घ्या. यान फुटलं तर ते परत मिळवायला किमतीच्या ५ टक्के भरावे लागतात. गेममधल्या चलनात, म्हणजे क्रेडिट्समध्ये, १० कोटींच्या यानाला ५० लाख. तेवढी शिल्लक नसेल तर यान हातचं जातं.

पहिले दहा तास आहे त्या पीसीवर, आहे त्या गेमवर काढा. त्यानंतरही मन रमलं, तरच पुढचा रुपया खर्च करा.