कमिशन आधी, एमडीएस मागाहून

हे बघ भाचीबाई, खासगी कॉलेजातल्या एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीची, फी ऐकून तुझ्या बाबांची झोप उडाली आणि घरात सगळ्यांना एकदम फौज आठवली. आर्मी डेंटल कोअरमध्ये राहून पगारावर स्पेशालिस्ट होता येतं, हे खरं. पण तिथे फी पैशांत नाही, वर्षांत भरायची असते.

तिथे तू आधी कॅप्टन होणार. एमडीएसची विद्यार्थिनी मागाहून, तेही नंबर लागला तर. शॉर्ट सर्व्हिस कमिशन ५ वर्षांचं. पुढे ५ आणि मग ४ वाढवून मिळू शकतात, म्हणजे फार तर १४. पेन्शनला २० लागतात. त्यामुळे पर्मनंट कमिशनची संधी आली की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचं नाही. त्याला वयाची अट असते. शिवाय सरकार तुला ३ वर्षं शिकवणार, तर त्याबदल्यात पुढची नोकरी बाँडवर लिहून घेणारच. जिची मुदतच संपत आली, तिच्यावर हा खर्च कोण करील?

पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या (एएफएमसी) दंत विभागात एमडीएस होतं, पण विषय निवडताना फौजेची गरज बघ. गोळीने किंवा स्फोटाने फुटलेला जबडा जुळवणारे सर्जन आणि गेलेले दात-जबडा पुन्हा उभे करणारे प्रोस्थोडोंटिस्ट तिथे कायम लागतात. लहान मुलांच्याच दातांवर जीव असेल, तर माझं ऐक, बाहेरच कर.

पहिली पोस्टिंग आडगावी मिळाली म्हणून रडू नकोस. साधं फिलिंग तिथेच नीट शिकून घे. हा कोअर तिन्ही दलांचे दात सांभाळतो, म्हणजे उद्या तुझ्या खुर्चीत पायलटही बसेल. विमान वर चढलं की बाहेरचा दाब घटतो, अर्धवट बसलेल्या फिलिंगखाली अडकलेली हवा फुगते, आणि जमिनीवर गप्प असलेला दात आकाशात ठणकायला लागतो. तो दात तू भरलेला नसावा, एवढं बघ.

नीट-एमडीएसचे मार्क इथेही लागतात. त्यावरूनच मुलाखतीला बोलावतात, मग मेडिकल. तेव्हा अभ्यास वाया जात नाही. मुलगी आहेस म्हणून जाहिरातीत जागांचा रकाना आधी वाच. २०२२ च्या भरतीत ३० पैकी २७ जागा पुरुषांना ठेवल्या होत्या. मुली सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २०२३ मध्ये कोर्टाने सरकारचे कान उपटले. त्या पोरींचं मला फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक चालवायचं मनात असेल तर ते विसर. खासगी प्रॅक्टिसला बंदी आहे, त्यापोटी एनपीए (नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स) मिळतो. नुसत्या डिग्रीसाठी जाणारे तिथे कुढत दिवस काढतात. वर्दी आवडत असेल तरच जा.

आणि कागद आत्ताच गोळा कर. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी जाहिरातीतल्या तारखेच्या आत हातात नसेल, तर मार्क कितीही असोत, अर्ज बाद.