दरवर्षी गॅस भरावा लागतो, एसी बदलू का?

प्रश्न : आमचा स्प्लिट एसी १२ वर्षांचा आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, जुन्या एसीत गॅस संपतोच. नवा घ्यावा का?
– एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळ्यांतच फिरतो. कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी नायट्रोजनच्या दाबाने ती शोधून घ्या. सांध्यात असेल तर दुरुस्ती पुरते. कॉइल गंजली किंवा कॉम्प्रेसर गेला, तर एसी बदललेलाच बरा. पाटीवर ‘आर-२२’ असेल, तर मोठा खर्च करू नका. ओझोनला घातक असलेला हा गॅस भारतातून २०३०पर्यंत जवळपास हद्दपार होणार आहे. त्याऐवजी ज्वलनशील आर-२९० मात्र भरू देऊ नका. नवा घेताना वीजबचतीच्या लेबलवर पाच तारे पाहा. घाबरू नका, तपासणी उन्हाळ्याआधी उरकून घ्या.