पंजासाठी जाड मूठ

प्रश्न : २०२३ ची प्रो पंजा लीग पाहिल्यापासून पंजा लढवायचा नाद लागलाय. जिममधल्या केबल मशीनला लावायचं जाड हँडल विकत घ्यावं का?
– एक वाचक, नाचणगाव (जि. वर्धा)

उत्तर : घ्या, पण आधी फुकटचा उपाय करून पाहा. नेहमीच्या हँडलवर सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळून जाडी ५ सेंटीमीटरच्या आसपास न्या. जाड मुठीवर बोटं पूर्ण मिटत नाहीत, म्हणून अंगठ्याला खरं राबावं लागतं. पुली टेबलाच्या उंचीला ठेवा, कोपर टेकवा आणि मनगट आत वळवत ओढा. हलकं वजन, १२ ते १५ वेळा, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरे. दंड लवकर भरतो, कोपराजवळचे स्नायुबंध मात्र सावकाश तयार होतात. तालमीत करेला (लाकडी मुद्गल) असेल तर तोही फिरवा, माझा त्यावर जास्त भरवसा आहे.

खरा धोका हँडलचा नाही, लढतीचा आहे. हात एकीकडे आणि खांदा-तोंड दुसरीकडे झालं, की दंडाचं हाड पिळवटून मोडू शकतं. नजर कायम आपल्या मुठीवर ठेवा. कोपर आताच दुखत असेल, तर हँडल राहू द्या. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.