रक्त कमी, पण लोह जास्त!

मूल फिके पडले म्हणजे रक्त कमी, आणि रक्त कमी म्हणजे लोह कमी, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. बहुतेक वेळा ती खरीही असते. परंतु थॅलेसेमिया या आनुवंशिक आजारात रक्त कमी असते आणि लोह मात्र शरीरात साठत जाते.

मी 1996 साली दवाखाना सुरू केला. त्याच वर्षी दर्यापूर तालुक्यातील एक आई सात महिन्यांची मुलगी घेऊन आली. मुलगी पांढरीफटक होती. मी लोहाचे औषध दिले. दोन महिन्यांनी ती आणखी फिकी झाली आणि पोटात पानथरी हाताला लागू लागली. तेव्हा कुठे तिला अकोल्याला तपासणीसाठी पाठविले. थॅलेसेमिया मेजर निघाला. चूक माझी होती. तेव्हापासून लोहाच्या औषधाने रक्त वाढले नाही, तर बाटली बदलण्याऐवजी मी हिमोग्लोबिनची खास तपासणी करून घेतो.

या मुलांचे शरीर हिमोग्लोबिन नीट तयार करू शकत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रक्ताच्या एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असते. निरोगी माणूस आहारातून रोज फक्त 1 ते 2 मिलिग्रॅम लोह घेतो आणि तेवढेच गमावतो. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात 3 ते 4 ग्रॅम लोह असते. म्हणजे पंधरा-वीस पिशव्यांतच तेवढे लोह आत जाते! ते यकृत, हृदय आणि ग्रंथींमध्ये साचते. मग वाढ खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह होतो आणि शेवटी हृदय थकते.

युरोपीय लोकांत लोह साठण्याचा एक वेगळा आनुवंशिक आजार आहे. त्याचे जनुक 1996 साली सापडले. त्यावर ठराविक काळाने रक्त काढून टाकणे हा उपाय आहे. आपल्या या मुलांचे रक्त मुळातच कमी, ते काढणार कसे? म्हणून लोह औषधानेच बाहेर काढावे लागते.

पूर्वी यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, छोट्या पंपाने रात्री आठ-दहा तास डेसफेरिऑक्झामिन द्यावे लागे. नव्वदीच्या दशकात डेफेरिप्रोन ही गोळी आली, आणि ती सर्वांत आधी आपल्या भारतात मिळू लागली. पुढे दिवसातून एकदाच घ्यायचे डेफेरासिरॉक्स आले.

तरीही गोळ्या चुकतात. आकोटकडचा एक मुलगा चौदाव्या वर्षी नऊ वर्षांचा दिसत होता. त्याची आई म्हणाली, "साहेब, रगत देल्लं की पोरगं चांगलं खेयते. मंग ह्या महागाच्या गोया कायले?" त्या माउलीचे काय चुकले? रक्ताचा गुण दुसऱ्या दिवशी दिसतो, गोळीचा गुण दहा वर्षांनी. त्याचे फेरिटिन पाच हजारांच्या वर गेले होते आणि लघवीत साखर होती. गोळ्या नियमित झाल्यावर दोन वर्षांत फेरिटिन निम्म्याहून खाली आले. मधुमेह मात्र राहिला.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

1. दर तीन महिन्यांनी फेरिटिन तपासावे. साधारणपणे ते 1000 च्या वर गेले किंवा दहा-वीस वेळा रक्त दिले गेले, की लोह काढण्याचे औषध सुरू करतात.

2. डेफेरिप्रोन चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासाव्यात. त्या एकाएकी कमी होऊ शकतात. या गोळीने लघवी तांबूस झाली तर घाबरू नये.

3. डेफेरासिरॉक्स असल्यास मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या चुकवू नयेत.

4. लोहाचे टॉनिक देऊ नये. व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. जेवणासोबत थोडा चहा घेतल्यास अन्नातले लोह कमी शोषले जाते.

5. खर्चासाठी गोळ्या बंद करू नका. अमरावतीला इर्विनमध्ये किंवा अकोल्याला सर्वोपचारमध्ये चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढून घ्या.

शेवटी लग्नाळू मुलामुलींसाठी. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळत नाही. सिंधी, पंजाबी, कच्छी समाजांत वाहक अधिक असले तरी इतर कोणताही समाज त्यातून सुटलेला नाही. पत्रिका जरूर पाहा. पण त्याआधी दोघांची हिमोग्लोबिन ए-टू ही तपासणी करून घ्या. ती आयुष्यात एकदाच करावी लागते.